ऑक्टोबरची छाटणी

आबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दुबई सिलिकॉन ओएसिसमधल्या एका टॉवरच्या गेटपाशी उभे राहून बोगनवेलीला रागावत होते. "तुला कुणी सांगितलं हुतं गं वर जायला? खाली जागा न्हाई व्हय?" पार्किंगच्या छपरावर चढलेली एक फांदी हातात धरून ते हे विचारत होते. शेजारी आमचा केरळी टाइमकीपर हजेरीची वही घेऊन गप्प उभा होता, कारण वेलीचं झाल्याशिवाय माणसाची पाळी येत नाही हे त्याला ठाऊक होतं. वेलीचं झालं. मग आबा माझ्याकडे वळले.

"कुठला?"

"गुहागरचा."

"म्हंजे आंबेवाला. द्राक्षाचं झाड कधी पाह्यलंयस?"

"नाही."

"शाळा?"

मी थांबलो. एजंटाने माझ्या अर्जावर दहावी पास लिहिलं होतं. खरं म्हणजे आठवीत शाळा सुटली आणि मी काजूच्या कारखान्यात बिया फोडायला बसलो, तो पुढे कितीतरी वर्षं तिथेच. या नव्या मुलखात हे खोटं कधी उघडं पडेल या धास्तीने मी विमानातसुद्धा झोपलो नव्हतो. आणि तरी, का कोण जाणे, या माणसासमोर मी "आठवी" म्हणालो.

"आठवी बास झाली," आबा म्हणाले. "झाडं कुठं दहावी विचारत्यात."

तेवढ्या एका वाक्यावर माझा महिन्याभराचा अडकलेला श्वास सुटला.

आबा आता इथे नाहीत. म्हणजे गावी आहेत, ठणठणीत आहेत. हे आधीच सांगून टाकतो, कारण मी स्वतः असलं काही वाचायला घेतलं की शेवटी माणूस राहतो की जातो या काळजीनेच अर्धा होतो.

आमची कंपनी टॉवरांभोवतीची झाडं सांभाळते. हिरवळ, कुंपणाची झुडपं, पाम, थंडीत रस्त्याकडेला लावायची फुलं. आबा तिथे फोरमन. तासगाव तालुक्यातल्या एका गावचे. तिशीत आखातात आले ते साठी गाठेपर्यंत इथेच राहिले. गावी त्यांच्या वाटणीची द्राक्षबाग आधी धाकटा भाऊ करायचा, मग भावाचा मुलगा करू लागला. आबा दर दोन वर्षांनी महिनाभर जायचे, तेही बायकोच्या सोयीने जूनमध्ये, म्हणजे बागेत हातात कात्री घ्यायचं काम नसतं तेव्हा. ती कात्री, छाटणीची, इथे त्यांच्या कमरेला असायची. दर रविवारी ती ते दगडावर लावत, तेल देत, आणि फलालीनच्या जुन्या सदऱ्याच्या तुकड्यात गुंडाळून उशाशी ठेवत.

ते साऱ्या जगाशी मराठीतच बोलायचे. फिलिपिनो गार्डशी, पेशावरच्या ट्रकवाल्याशी, टॉवरच्या अरब मालकाशीसुद्धा. "हबीबी, ह्या झाडाला पाणी जास्त हुतंय बघ," असं त्यांनी म्हटलं की तो पांढऱ्याशुभ्र पायघोळ कंदुऱ्यातला माणूस मान डोलवायचा, आणि खरंच दुसऱ्या दिवशी पाणी कमी झालेलं असायचं. भाव ऐकला की आम्ही बाकीचे दिरहमचे रुपये करतो. आबा बेदाण्याचे किलो करायचे. मला बूट घ्यायला म्हणून एकदा आम्ही खोलीजवळच्या नहदा भागातल्या एका दुकानात गेलो. किंमत ऐकून ते म्हणाले, "चौदा किलो बेदाणा पायात घालणार व्हय लका?" आणि मला दंडाला धरून बाहेर काढलं.

त्यांचा महिनाही इथला नव्हता. आमची खोली शारजात, काम दुबईत. सकाळी कंपनीची बस नहदाच्या गर्दीत तासभर तटून राहायची. बाकी सगळे माना टाकून झोपलेले असायचे आणि आबा खिडकीतून समोरच्या गाड्यांकडे बघत मला सांगायचे, "आज आमच्याकडं छाटणीचा अकरावा दिवस. डोळं फुगलं असतील." डोळा म्हणजे काडीवरची ती गाठ, जिच्यातून फूट येते. वर्षातून दोनदा छाटणी, एक एप्रिलमध्ये आणि एक ऑक्टोबरमध्ये, आणि ऑक्टोबरची म्हणजे फळाची. ती ज्याची वेळेत झाली नाही त्याला गावात कुणी सुपारीसुद्धा विचारत नाही, असं ते सांगायचे. मला यातलं काही कळत नसे. पण ते बोलत असले की माझी छाती धडधडायची थांबायची, म्हणून मी ऐकायचो.

आणि त्यांनी मला लिहायला लावलं. कंपनीच्या फॉर्मवर नुसत्या खुणा करायच्या असत. आबांनी स्वतःची वेगळी वही ठेवली होती. रोज काम सुटताना ते पाण्याच्या टाकीवर बसायचे, चष्मा नाही असं खोटं सांगायचे (तो खिशात असायचा) आणि म्हणायचे, "लिही. आज काय बघितलंस?" मी लिहायचो, "झाडे बघितली." ते म्हणायचे, "झाडं तर आंधळ्यालाबी दिसत्यात. त्यातलं एक सांग." असं चार वर्षं. आज मी हे चार शब्द एकापुढे एक ठेवू शकतो ते त्या टाकीमुळे.

जॉर्जियाचं खूळ त्यांच्या डोक्यात बाराव्या मजल्यावरच्या मॅडमनी भरलं. पुण्याच्या त्या. सुट्टीत कुटुंबासकट जाऊन आल्या होत्या आणि लॉबीत आबांना सहज फोनवर फोटो दाखवत होत्या. डोंगर, चर्च, आणि मग एका फोटोत मागे द्राक्षाच्या ओळी. आबांनी फोन हातातच घेतला.

"दोन ओळींत अंतर किती हुतं?"

"अहो, मी नाही मोजलं," मॅडम हसल्या.

"मांडव हाय का तारंवर? पाणी कुठनं देत्यात? खोड केवढं?"

मॅडमचा मुलगा बाजूला उभा होता, तो म्हणाला, "अंकल, दे आर जस्ट ग्रेप्स."

आबांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने आईचा हात धरला. पण त्या दिवशी बसमध्ये त्यांनी मला विचारलं, "आपल्या इथल्या व्हिसावर तिकडं जाता येतं म्हणं. तुला फोनवर ते तिकीट काढता येतं का?" मला येत होतं. माझं तिकीटही त्यांनीच काढायला लावलं. मी नको नको म्हणालो तेव्हा म्हणाले, "तू फोन वाचायला पाहिजेस. मला काय तुझी आवड हाय म्हणून न्हाई."

निघताना मी पासपोर्ट आतल्या खिशात ठेवला होता आणि दर पाच मिनिटांनी हात लावून बघत होतो. तिथल्या माणसाने आम्हाला परत पाठवलं तर? हॉटेलचा कागद खोटा वाटला तर? इथे कंपनीला कळलं तर? आबा म्हणाले, "लका, हाय तिथंच हाय. त्याला पाय फुटत न्हाईत." त्यांची कात्री मोठ्या बॅगेत होती, त्याचीही मला धास्ती. जॉर्जियाच्या विमानतळावर काचेमागच्या मुलीने दोघांकडे एकेकदा पाहिलं, शिक्का मारला आणि हसली. मी पासपोर्ट परत आतल्या खिशात घातला आणि पुन्हा हात लावून बघितला.

काखेती नावाचा तो भाग. राजधानीपासून गाडीने दोन तास, आणि मग डोंगरापर्यंत नुसती द्राक्षं. ऑक्टोबर अर्धा झाला होता, तोडणी नुकतीच संपली होती. ड्रायव्हरने आम्हाला चर्च बघायला उतरवलं तर आबा चर्चकडे पाठ करून बांधावर बसले. माती चिमटीत घेऊन चाखली. खोडाला हात लावला. आणि मग त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"काय झालं?"

"एक बाग छाटलेली न्हाई. बघ की. सगळा शिवार असाच. तोडणी झाली, आता काय बघत बसल्यात?" थोड्या वेळाने म्हणाले, "पोरं शहरात गेली असतील. माणसंच राहिली न्हाईत छाटायला."

दिवसभर तेच त्यांच्या मनात होतं.

त्या भागात गावोगाव छोट्या खानावळी आहेत. घराचंच अंगण, लांब बाकं, आणि तळघरात मातीचे प्रचंड रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. वाइन त्यातच होते, त्यातच राहते, आणि लांब दांड्याच्या पळीने काढून देतात. आबा दारूला शिवत नाहीत. "मला नुसत्या वासानं चढती," असं ते म्हणत, आणि ते खरं निघालं. पहिल्या खानावळीत ते रांजणाच्या तोंडावर वाकले, डोळे मिटून वास घेतला आणि म्हणाले, "ह्या बागंला शेवटचं पाणी द्यायला नको हुतं." मालकाला काही कळलं नाही, तरी त्याने छातीवर हात ठेवून मान लववली. आबांच्या वाट्याचा ग्लास माझ्याकडे आला. पिवळसर, तुरट, अंगात ऊन उतरल्यासारखी. प्यायलो, आणि पुढचे दोन दिवस मी हिशेब करत होतो की दारूबंदीच्या शारजाला उतरेपर्यंत तोंडाचा वास जाईल की नाही.

दुसऱ्या खानावळीत शेजारच्या बाकावर पाचसहा गावकरी जेवत होते. त्यातला एक जाडा माणूस ग्लास घेऊन उभा राहिला आणि बोलू लागला. चांगलं पाच मिनिटं बोलला. तोवर कुणी घोट घेतला नाही. आबांनी मला कोपर मारलं. "हे बरं हाय. आधी बोलायचं, मग प्यायचं. आपल्याकडं उलटं."

मग त्यांनी आम्हाला खुणेने बोलावलं. आबांच्या हाती ताज्या रसाचा ग्लास दिला. आबा उभे राहिले आणि अस्सल तासगावी मराठीत पंधरा मिनिटं बोलले. माणसं ग्लास धरून तशीच उभी. आबांचा आवाज मध्येच खाली गेला, मध्येच चढला, एकदा तर दाटून आला. संपलं तेव्हा त्या जाड्याने डोळे पुसले आणि आबांच्या दोन्ही गालांची पापी घेतली.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय सांगितलंत एवढं?"

"काय न्हाई. वेलीवर भुरी पडली तर कुठलं औषध मारायचं ते सांगितलं."

रात्रीचा मुक्काम एका बाईंकडे होता. साठीच्या पुढच्या, उंच, डोक्याला काळा रुमाल. वर दोन खोल्या पाहुण्यांना, खाली खानावळ. अंगणात एकच वेल, पण खोड माझ्या मांडीएवढं. चार फांद्या चार दिशांना गेलेल्या, आणि त्यांचा मांडव साऱ्या अंगणावर. टेबल त्याच्याखालीच. आम्ही गेलो तेव्हा बाई अक्रोडाच्या माळा द्राक्षाच्या दाट रसात बुडवून दोरीवर टांगत होत्या. आबा खोडाशी जाऊन उभे राहिले. बाई आल्या. त्या त्यांच्या भाषेत बोलायच्या, आबा मराठीत, आणि मी भाषांतराचा फोन पुढे धरून मध्ये उभा. दोघांनी एकदाही फोनकडे पाहिलं नाही. तास गेला. शेवटी मी फोन खिशात घातला आणि जेवायला बसलो.

सकाळी सातला उठलो तर आबा अंगणात, मान वर करून मांडवाकडे बघत. न विंचरलेल्या पोराच्या डोक्याकडे आई बघते तसे.

"बाई कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

"रोट्या आणायला गेल्या वाटतं. फाटक उघडंय."

"एकटी बाई," आबा म्हणाले. "कुणाला सांगणार ती? ऑक्टोबर अर्धा सरला." त्यांच्या हातात कात्री होती. "ती यायच्या आत उरकून टाकू. काल एवढं पोटभर घातलं तिनं. का विचारायला पाहिजे?"

आता मी असा माणूस आहे की बाथरूमला जायलाही परवानगी विचारतो. टॉवरच्या लिफ्टमध्ये कुणी असलं तर जिन्याने जातो. आणि त्या सकाळी मला काय झालं होतं कुणास ठाऊक, हवा छान होती, रात्री झोप लागली होती. मी म्हणालो, "विचारायचं काय, आबा? बघून खूशच होतील."

मी शिडी धरली. ते वर चढले.

मी त्यांना इथे चार वर्षं कात्री चालवताना पाहिलं होतं. ते काहीच नव्हतं. इथे ते बघत एका काडीकडे आणि हात दुसरीवर चाललेला. कट, कट, थांबा, कट. "हिला दोन डोळं. हिला तीन. ही जाड हाय, हिला चार झेपतील." हिरवी पानं माझ्या डोक्यावर, खांद्यावर पडत होती. ते तरुण दिसत होते. अंगणात हळूहळू उजेड आला. तीन फांद्या झाल्या, चौथीला हात घातला, आणि फाटक वाजलं.

बाई रोट्या छातीशी धरून उभ्या होत्या. ओरडल्या नाहीत. रोट्या टेबलावर ठेवल्या, पानांच्या ढिगातून चालत आल्या आणि एका ताज्या कापावर हात ठेवला. तिथून पाणी ठिबकत नव्हतं, तरी त्यांनी ते पुसल्यासारखं केलं. मग माझ्याकडे बोट केलं. फोन.

फोनमधली बाई सगळ्यांशी एकाच आवाजात बोलते. ती म्हणाली, "ही वेल माझ्या वडिलांनी लावली. मी जन्मले त्या वर्षी. तुम्ही ती आता का कापली?"

मी आबांकडे पाहिलं. ते शिडीवरच. "सांग तिला, छाटणीची येळ झाली. आणखी उशीर केला तर फळ यायचं न्हाई."

मी ते फोनला सांगितलं. बाईंनी ऐकलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा राग गेला आणि त्याजागी जे आलं ते मला जास्त कठीण वाटलं. त्या सावकाश बोलल्या, लहान मुलाला सांगावं तसं, आणि फोनने ते म्हटलं. "आम्ही फेब्रुवारीत छाटतो. आता पानं हिरवी आहेत. ती पिवळी पडेपर्यंत वेल खोडात खाणं साठवते. मग पानं गळतात. मग ती झोपते. बर्फ पडतं. उपाशी वेल थंडीत मरते."

आबा शिडीवरून एकेक पायरी उतरले. "झोपती?" ते मला विचारत होते. "वेल झोपती?"

मला कुठून माहीत असणार. तासगावला ती कधी झोपत नाही. ऑक्टोबरात छाटली की आठपंधरा दिवसांत फुटते. वर्षभर जागी ठेवलेली वेल तेवढीच आबांनी आयुष्यात पाहिली होती.

ते पानांच्या ढिगाशेजारी जमिनीवर बसले. बाईंनी रोटी पुढे केली, त्यांनी हात जोडले. बाई शेजारच्या म्हाताऱ्याला घेऊन आल्या. तो काठी टेकत आला, एकेक काप वाकून बघितला, बोटांनी डोळे मोजले. मग आबांकडे पाहून काहीतरी म्हणाला. फोन म्हणाला, "याचा हात चांगला आहे. माझ्यापेक्षा चांगला. फक्त महिना चुकला."

आबांनी डोळ्यांवर हात घेतले.

म्हाताऱ्याने उपाय सांगितला. खोडाशी मातीचा ढीग करा, वर पोती गुंडाळा, चौथ्या फांदीची पानं राहू द्या. थंडी हलकी गेली तर वाचेल. आम्ही त्या दिवशी चर्च पाहिलं नाही, डोंगर पाहिला नाही. आबांनी दिवसभर माती ओढली. मी पोती शिवली. निघताना ते बाईंच्या पायांना हात लावायला वाकले, तर बाईंनी त्यांना धरून उभं केलं आणि माझ्या फोनमध्ये स्वतःचा नंबर घातला. "वसंतात कळेल," फोन म्हणाला.

परत आलो. शारजाच्या विमानतळावर कुणी माझ्या तोंडाचा वास घेतला नाही. पण त्याचं मला काही वाटेनासं झालं होतं.

आबा बसमध्ये आता तासगावचं काही बोलत नसत. रोज सकाळी एवढंच विचारायचे, "तिकडं किती?" मी फोनवर बघून सांगायचो. "चार." "एक." "उणे तीन." जानेवारीत एक दिवस उणे आठ होतं. मी "उणे चार" म्हणालो. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला, चष्मा खिशातून काढला, बघितलं आणि परत दिला. बाहेर आम्ही अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात.

त्यांनी कात्री धरायची बंद केली. माझ्या हातात दिली आणि स्वतः लांब उभे राहून सांगू लागले, "ती न्हाई, तिच्या मागची." बोगनवेल पुन्हा छपरावर गेली, तिला ते एक शब्द बोलले नाहीत. मला काम येऊ लागलं होतं, कंपनीने पगार वाढवायचं ठरवलं होतं, आणि मला त्याचा आनंद घेता येत नव्हता. एकदा मी म्हणालो, "आबा, चूक माझी. मीच म्हणालो विचारू नका."

"कात्री कुणाच्या हातात हुती?"

"तुमच्या."

"मग गप बस."

एप्रिलमध्ये ते कायमचे गावी जाणार होते. पुतण्याचा बेत असा की बाग आबांनी बघायची, एप्रिलच्या छाटणीपासूनच. तीस वर्षं आबा याच दिवसासाठी थांबले होते हे मला ठाऊक होतं. आता पुतण्याचा फोन आला की ते म्हणायचे, "माझ्या डोळ्यास्नी दिसत न्हाई रं आता. दुसरा माणूस बघ." पुतण्या घाबरून डॉक्टरचं विचारायचा. फोन ठेवला की आबा मला म्हणायचे, "दुसऱ्याची वेल मारलेल्या माणसानं बागंत पाऊल टाकू नये. तिथं पोरं माझ्याकडनं शिकाय बसणार."

"पण अजून कळलं कुठेय?"

"म्हणून तर."

मार्च संपला. बाईंचा निरोप नाही. मी रोज लिहायचो, "वेल कशी आहे?" आणि पुसायचो. उत्तर वाईट आलं तर? आबांच्या तिकिटाला आठ दिवस राहिले तेव्हा जेवणाच्या सुट्टीत, टॉवरमागच्या सावलीत, मी डोळे मिटून ते पाठवून दिलं. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी त्याच जागी डबा उघडलेला असताना फोन वाजला. व्हिडिओ होता.

मला तो दाबवेना. बोट वर जायचं आणि परत यायचं. आबांनी माझ्याकडे पाहिलं, स्क्रीनकडे पाहिलं, आणि ओळखलं. भात बाजूला ठेवला, हात पुसले, फोन घेतला आणि स्वतः दाबलं.

आधी नुसती माती. मग खोड, पोती काढलेलं. मग कॅमेरा हलत हलत वर. पहिली फांदी करडी, वाळलेली, बाईंनी तिच्यावर नख मारून दाखवलं. आत तपकिरी. मग दुसरी. काडीच्या टोकाला, जिथे कात्री लागली होती त्याच्या खालच्या डोळ्यातून, कापसात गुंडाळल्यासारखी गुलाबी फूट. तिच्या शेजारी दुसरी. मग तिसरी फांदी, मग चौथी. बाईंचं बोट एकेक फुटीवर टेकत चाललं होतं, आणि आबांचे ओठ हलत होते. ते मोजत होते.

खाली बाईंनी लिहिलं होतं, ते मी वाचून दाखवलं. "एक गेली. तीन उठल्या. तुमच्या माणसाला सांगा, आता पोटभर जेवायचं."

आबांनी व्हिडिओ पुन्हा पाहिला. तिसऱ्यांदा पाहताना मध्येच थांबवला. "ह्या काडीवर चार फुटी हायत. सांग तिला, त्यातली..." आणि थांबले. "न्हाई. काय सांगू नको. तिची ती बघंल."

मग त्यांनी स्वतःचा फोन काढला, पुतण्याला लावला. घंटा वाजत असताना ते उभेच होते, भात तसाच.

"मी येतोय," ते म्हणाले. "डोळं? डोळ्यास्नी काय धाड भरलीय. माणसं सांगून ठेव. आणि ऐक. कुठल्या ओळीपासनं धरायची आणि कुठली काडी राखायची, ते तू सांगायचंस. मी विचारल्याबिगर हात लावणार न्हाई."

पलीकडे पुतण्या मोठ्याने हसल्याचं मलाही ऐकू आलं. काकाने थट्टा केली असं त्याला वाटलं असणार.

आबा हसले नाहीत. फोन कानाला लावून ते उत्तराची वाट बघत राहिले.